बाबा शुद्धीवर आले ते आईच्या हाकेला

सोमवारी सातवीला प्रोनाऊन शिकवलं. साताऱ्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे माझी टेप ठरलेली... आधी माणसाचं नाव सांगा, मग प्रोनाऊन वापरा. नाहीतर समोरच्याला कळणार कसं, कोणाबद्दल बोलताय ते?

मंगळवारी सांगलीला बाबांचं ऑपरेशन होतं. बाबा फौजेतून रिटायर होऊन उंब्रजला शेती बघतात. आणि आईने आजवर त्यांचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी ‘आमचं हे’, नाहीतर ‘आवं’. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की शेजारणीला पुढं करते.

ऑपरेशन नीट झालं. पण बाबा भुलीतून जागेच होईनात. सिस्टर “दिनकरराव, डोळे उघडा” म्हणत होत्या, मी “बाबा, बाबा” करत होते. डॉक्टर म्हणाले, कधी कधी वेळ लागतो... पण मी सारखी घड्याळ बघत होते. आई दाराशी पदर पिळत उभी.

शेवटी सिस्टरनी तिला बोलावलं. “आजी, तुमी हाक मारा बरं. नाव घेऊन, मोठ्यानं.”

आईचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर येईना. मी चिडलेच. म्हटलं, “आई, घे की गं नाव, आता कसली लाज?”

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाबांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “आवं... आयकताय न्हवं? मी हाय हितं.”

बाबांच्या पापण्या हलल्या. मग अगदी पुसट, “व्हय.”

मला रडू आवरेना. आईला बळेच खाली चहाला पाठवलं, सकाळपासून उपाशी होती.

थोड्या वेळाने बाबा पुरते जागे झाले. मला बघितलं, सिस्टरना बघितलं, मग दाराकडे नजर लावून म्हणाले, “ती कुठं गेली?”

“कोण ती, आजोबा?” सिस्टरनी विचारलं.

बाबांनी लाजून तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांनी तरी आईचं नाव कुठं घेतलंय कधी... मी आईला आणायला खाली पळाले.

उद्या वर्गात परत आधी नाव, मग प्रोनाऊन. पेपरात तसंच लागतं. पण मी या दोघांची लेक आहे, या विचाराने आज फार भरून येतंय.