वासंती ओगले एकटी वाजवते

चाळीस वर्षं वासंती ओगलेनं माझ्यासारख्या कितीजणांच्या गळ्याची लाज राखली. तिसऱ्या अंकात दमून माझा वरचा षड्ज डळमळला की ती पेटीवर तो असा भरून द्यायची, की प्रेक्षकांना वाटे मीच लावला. टाळ्या मी घ्यायचे. शेवटच्या पडद्याआधी मी दिग्दर्शकाचं नाव घ्यायचे, कपडेपटाचं घ्यायचे, चहावाल्या पोपटचंसुद्धा घ्यायचे. वासंतीचं घेतल्याचं आठवत नाही. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःवर चिडून उपयोग काय? तरी चिडते. आणि त्याहून जास्त चिडते तिच्या नवऱ्यावर, आमच्या नाटक मंडळीचा नायक त्र्यंबक ओगले याच्यावर.

त्र्यंबकाचा आवाज अस्सल होता, हे मी कधी नाकारणार नाही. त्याची पहिली तान ऐकून मी विंगेत रडले आहे. पण त्या आवाजाला चालायला वाट करून दिली ती वासंतीनं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, डोळे त्याच्या ओठांवर. तो गाणार, ती मागोमाग जाणार. तो श्वास घेणार, तेवढी फट ती भरणार. घरीही तेच.

दोघं डोंबिवली पूर्वेला राहतात, मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीत अपूर्व नावाच्या तिशीतल्या पोरानं पियानोचा क्लास काढला. एका दुपारी तो काहीतरी वाजवत होता आणि वासंती आमच्या गॅलरीत शेंगा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ताई, या मुलाचं बोट घसरतंय. प्रत्येक वेळी, तिथंच. कुणीतरी सांगायला हवं."

आणि सांगायला गेली की! मीही मागोमाग.

"अहो, तुमचं बोट कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरतंय. काळ्या पट्टीवरून पांढरीवर."

अपूर्व हसला. "आंटी, ते मुद्दाम आहे."

"मुद्दाम?"

"ब्लूज आहे हा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. त्यांनी जे भोगलं ना, ते सगळं यात आहे. तो घसरणाराच स्वर हवा असतो. याला लिक म्हणतात, म्हणजे तुमच्याकडची हरकत समजा."

जिन्यात वासंती मला म्हणाली, "आमचे गुरुजी बोट घसरलं की याच बोटावर फूटपट्टी मारायचे. नऊ वर्षांची होते मी. आणि तिकडे लोक ते मुद्दाम करतात!" बोलताना ती तेच बोट चोळत होती. मला वाटलं रडेल. ती रडत नव्हती, संतापली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लासात नाव घातलं. लेकीनं, वल्लरीनं, घरी इलेक्ट्रिक पियानो आणून दिला.

सोपं नव्हतं ते. बोट काळ्या पट्टीवर टेकवायचं, तसंच घसरवत पांढरीवर आणायचं आणि त्याच क्षणी वर करंगळीनं षड्ज धरायचा. साठ वर्षांची शिस्त बोटाला घसरू देईना. शिवाय डावा हात! पेटीवाल्याच्या डाव्या हाताला स्वर ठाऊकच नसतात, त्याला ठाऊक असतो भाता. अपूर्व सांगे, डाव्या हातानं लंगडत चालणारा ठेका धरा. दोन ओळी नीट जायच्या आणि मग तिचा डावा हात पियानोवरून उठून हवेत भाता मारायला लागायचा. "आंटी, हवा पुरेशी आहे आत," अपूर्व म्हणायचा. मीही क्लासला सोबत जायचे; आम्ही तिघं पोट धरून हसायचो. सहा महिन्यांत हात खाली बसला.

पण एक गोष्ट जाईना. या गाण्याच्या प्रत्येक ओळीत आधी एक जण काही म्हणतो आणि मग दुसरा त्याला उत्तर देतो. पियानोवर एकट्यानं वाजवायचं, तर म्हणायचं आपणच आणि उत्तरही आपणच द्यायचं. वासंती उत्तरं अशी द्यायची की अपूर्व थक्क व्हायचा. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात मात्र तिचा उजवा हात मांडीवर.

"आंटी, इथे गॅप का?"

"इथे गातात ना."

"कोण गातंय?"

उत्तर घरी, आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसलेलं असायचं. ती सरावाला बसली आणि ती मोकळी जागा आली की आतून त्र्यंबकाचा आलाप यायचा. "बघ, किती शोभतो!" वर आणि हे. "उगाच तुझं ते टुंगटुंग. कुणीतरी गायला नको?"

"मला एकटीनं वाजवायचंय हो," ती म्हणायची.

"वाजव की! मी कुठे नाही म्हणतोय?" आणि पुन्हा आलाप.

यंदा अपूर्वनं क्लासचा कार्यक्रम ठाण्याला, कोपरीतल्या एका छोट्या सभागृहात ठरवला. वासंतीनं स्वतः जाऊन नाव दिलं. "एकटी," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा." आठ दिवस आधी मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका आली. सातवा क्रमांक: 'ब्लूज आणि आलाप. गायन: पंडित त्र्यंबक ओगले. पियानोसाथ: सौ. वासंती ओगले.'

पंडित! ही पदवी त्याला कुणी दिली, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मी खाली गेले तेव्हा वासंती स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावरची कणीक तशीच. "त्यांनी परस्पर अपूर्वला फोन केला. म्हणाले, तिला टेन्शन आलंय, मी बरोबर असलो की सांभाळून नेईन." मग ती बाहेरच्या खोलीत त्र्यंबकासमोर गेली आणि त्या घरात जे मी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. वासंती ओरडली. "साथ! पुन्हा साथ! माझ्याच गाण्यात मी साथीला?"

"अगं, लोकांना कळायला नको? तुझ्याच भल्यासाठी—"

"माझं भलं तुम्ही गप्प बसण्यात आहे!"

त्र्यंबकानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला पुढचा संवाद सुचवणार होते. मी सुचवला. "त्र्यंबक, लाज वाटू दे," म्हणाले. "मला वाटते, तुला का वाटू नये?" तो उठून आत गेला.

अपूर्व बिचारा शंभरदा सॉरी म्हणाला. "अनाउन्समेंट बरोबर करतो आंटी, प्रॉमिस." पण कार्यक्रमाच्या दिवशी निवेदन करत होत्या कुणा विद्यार्थ्याच्या आई, आणि त्यांच्या हातात तीच जुनी पत्रिका. त्यांनी ती जशीच्या तशी, छान हसत वाचली.

मी दुसऱ्या रांगेत होते. वासंती आधीच पियानोपाशी बसलेली. पहिल्या रांगेतून त्र्यंबक उठला. रेशमी झब्बा, खांद्यावर उपरणं. घरून तयारीनंच आला होता म्हणायचा! विंगेत अपूर्व डोक्याला हात लावून उभा. त्र्यंबक माईकपाशी गेला, रसिकांना नमस्कार केला, डावा हात कानाशी नेला आणि उजव्या हाताची बोटं वासंतीकडे किंचित हलवली.

आमच्याकडे याचा अर्थ एकच, सूर दे. साथीदारानं गायकाचा षड्ज धरायचा, त्याशिवाय गाणं सुरूच होत नाही. गायक कितीही वाईट असो, साथीदाराशी त्याचं भांडण असो, घरात सुतक असो, मागितला की सूर द्यायचा. न देणारा साथीदार मी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

वासंतीनं त्याच्याकडे पाहिलं. आणि पियानोकडे वळून सरळ सुरुवात केली.

डावा हात लंगडत निघाला. आणि ओळीचा तो पहिला अर्धा भाग, जिथे दोन वर्षं तिचा उजवा हात मांडीवर असायचा, तिथे तिनं बोट आपटलं. काळीवरून पांढरीवर, घसरवलं नाही, ओरबाडलं. त्र्यंबकानं तोंड उघडलं. शिरायला जागा नव्हती. श्वासाएवढीसुद्धा नाही. त्यानं दुसऱ्या ओळीवर पुन्हा तोंड उघडलं, ती त्याच्या आधी पोचलेली. तिसऱ्या ओळीत तिची करंगळी चुकली, भलताच स्वर वाजला. तिनं तोच पुन्हा वाजवला, अधिक जोरात, जणू म्हणत होती, हो, हाही माझाच. असं तीन-तीन ओळींचं आवर्तन ती चार वेळा फिरली. सुंदर नव्हतं ते. फार रागीट होतं.

त्र्यंबक माईकसमोर कानाला हात लावून तसाच उभा होता. हात खाली कधी घ्यावा हेच त्याला कळेना. खोटं कशाला बोलू, मला त्याचीही दया आली. पण जागेवरून उठून त्याला खाली आणावं, असं काही मला वाटलं नाही.

टाळ्या पडल्या. मी आजवर घेतल्या त्यांच्या मानानं फारच थोड्या. अपूर्व धावत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "वासंती ओगले! फक्त वासंती ओगले!"

विंगेत त्र्यंबक तिच्यासमोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "सूर का दिला नाहीस?"

वासंती पदरानं बोटं पुसत होती. नखाच्या कडेला रक्त आलं होतं.

"मी वाजवत होते," ती म्हणाली आणि माझ्या हातातून पाण्याची बाटली घेतली.