नंदाखालची लाइन

वसुंधरा खानोलकरांना फोनवर 'हॅलो' म्हणायला कधी जमलंच नाही. घरचा फोन वाजला की त्या उचलून म्हणायच्या, "बोला, कुठे हवंय?" पलीकडे बहुतेक वेळा पुण्याहून त्यांचा मुलगा सिद्धेश असायचा. तो म्हणायचा, "आई, कुठेच नकोय. तूच हवी आहेस." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं त्यांचे यजमान आत्माराम म्हणायचे. आत्मारामांचा संसारच त्या पिळाशी झालेला असल्यामुळे त्यांना तसं म्हणायचा हक्क होता.

हा पीळ पडला वसईच्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजात. तेव्हा फोन उचलला की नंबर फिरवायची सोय नव्हती. पलीकडे वसुंधराबाई असायच्या. त्यांच्यापुढे भोकांचा एक उभा फळा आणि हातात दोन्ही टोकांना पिना असलेल्या दोऱ्या. एक टोक मागणाऱ्याच्या भोकात घालायचं, दुसरं ज्याला मागितलं त्याच्या. लोक तर नंबर सांगायचेही नाहीत. "वसुंधराबाई, जरा डॉक्टर द्या," एवढंच. त्या डॉक्टर द्यायच्या, आणि डॉक्टर पाचूबंदरला कुणाला तरी तपासायला गेलेत हे कळलेलं असेल तर डॉक्टर न देता तेच सांगायच्या. शेजारच्या खुर्चीवर जवळच्याच नंदाखाल गावची मटिल्डा. दोघी मिळून अख्ख्या गावाच्या भानगडी ऐकायच्या आणि त्यातलं एक अक्षर बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. ते दुसरं जास्त कठीण होतं.

मटिल्डाची आई सालोमी. तिचा नवरा बोटीवर. बोट मुंबईला लागली की त्याचा ट्रंक कॉल नंदाखालच्या किराणा दुकानात यायचा. दुकानदार हाक मारायचा, सालोमीबाय केळीच्या वाडीतून धावत निघायच्या, आणि त्या पोचेपर्यंत वसुंधराबाई मुंबईच्या ऑपरेटरशी कधी गोड बोलून, कधी भांडून लाइन धरून ठेवायच्या. घरात वसईकडची सामवेदी बोली बोलणाऱ्या सालोमीबाय फोनवर मात्र शाळेतली शुद्ध मराठी काढायच्या, कारण टेलिफोन सरकारचा. धापा टाकत रिसीव्हर कानाला लावला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हॅलो, वसुंधराबाई, लाइन लागली का?" वसुंधराबाईंनी "लागली, बोला," म्हटल्याशिवाय त्या स्वतःच्या नवऱ्याशीसुद्धा बोलायच्या नाहीत.

नव्वदीच्या सुरुवातीला ऑटोमॅटिक एक्सचेंज आलं. भोकांचा फळा टेम्पोत घालून नेला आणि वसुंधराबाईंना बिलांच्या तक्रारी ऐकायला बसवलं. त्यांना ते फार लागलं. लोक आता स्वतःच बटणं दाबत होते, चुकीच्या घरी फोन लावत होते, डॉक्टर घरी नसताना डॉक्टरांकडे घंटा वाजवत बसत होते, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. मटिल्डाने दोन दिवसांत मनातून काढून टाकलं. वसुंधराबाईंनी स्वेच्छानिवृत्तीपर्यंत धरून ठेवलं, आणि नंतरही सोडलं असं नाही.

निवृत्तीनंतर त्या हट्टाने कॉम्प्युटर शिकल्या. सिद्धेशने आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता, त्यावर. एका दिवाळीला त्याने अंगठ्याच्या पेराएवढं एक यंत्र आणलं. त्याला डाँगल म्हणतात, ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं की त्याच्या मोबाइलमधले फोटो वायरीशिवाय कॉम्प्युटरवर येतात. वसुंधराबाईंनी फोटो पाहिले, पण त्यांचं लक्ष त्या दोन यंत्रांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे होतं. वायर नाही आणि ऑपरेटरही नाही, हे त्यांना पटलं नव्हतं.

मग आला २००५ चा जानेवारी. मटिल्डाच्या धाकटीचं लग्न दोन दिवसांवर असताना मटिल्डा वसुंधराबाईंच्या दारात उभी राहिली. हातात एक मोबाइल, रुमालात गुंडाळलेला.

"वसू, यात आईचं गाणं आहे," ती म्हणाली.

सालोमीबाय आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. त्याआधी मे महिन्यात मटिल्डाचा भाऊ युजीन बोटीवरून रजेवर आला होता. त्याने आपल्या नव्या मोबाइलवर आईकडून मांडवातलं गाणं म्हणवून घेतलं, मोबाइल मटिल्डाकडे ठेवला आणि सांगितलं, लग्नाला वाजव. आई गेल्यावर मटिल्डाला ते ऐकायचा धीर झाला नाही. धीर होईपर्यंत मोबाइल वाडीच्या पाटात पडला. वाळल्यावर तो चालू झाला, पण मुका. पडद्यावर गाण्याचं नाव दिसायचं, आवाज नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, उघडतो, पण आतलं राहील याची खात्री नाही. युजीन भर समुद्रात, आणि ते गाणं पूर्ण येणारं दुसरं माणूस गावात उरलं नव्हतं.

"उद्या मांडव आहे. आईशिवाय मांडव कसा घालू गं? तू कॉम्प्युटरवाली. काढून दे," मटिल्डा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्यात काय? आत्ता लावून देते," वसुंधराबाई म्हणाल्या. आधी शब्द द्यायचा आणि तो पाळायचा कसा हे मग बघायचं, ही त्यांची जुनी खोड.

त्यांनी डाँगल खोचलं. कॉम्प्युटरने नवीन वस्तू सापडल्याचं सांगितलं आणि ती कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही, असंही सांगितलं. वसुंधराबाईंनी पुण्याला फोन लावला.

"आई, मागे व्हायरस आला होता तेव्हा तू कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतलास ना? त्यात ड्रायव्हर पुसला गेला," सिद्धेश म्हणाला.

"गाडी कुठे आहे इथे ड्रायव्हर असायला?"

"ऐक. त्या डाँगलमध्ये एक छोटा रेडिओ आहे. तो हवेतून मोबाइलशी बोलतो, पण त्याची भाषा त्याची त्याला. विंडोज नुसतं म्हणणार, मला ते गाणं हवंय. रेडिओ कसा चालवायचा हे विंडोजला माहीत नाही, आणि रेडिओला गाणं म्हणजे काय ते माहीत नाही. मधे दोघांचं एकमेकांना सांगणारं कुणीतरी लागतं. तो ड्रायव्हर."

वसुंधराबाई म्हणाल्या, "म्हणजे मागणाऱ्याला तारा कळत नाहीत आणि तारेला माणूस कळत नाही."

"बरोबर."

"म्हणजे ड्रायव्हर म्हणजे मी."

"तूच," सिद्धेश हसला. "आणि एकटी नाहीस. चारपाच जणी एकीखाली एक बसलेल्या आहात. सगळ्यात वरची विंडोजचं ऐकते, ती खालचीला सांगते, ती तिच्या खालचीला. सगळ्यात खालची रेडिओशी बोलते. उत्तर तसंच उलटं वर येतं."

"ट्रंक कॉल असाच लागायचा," वसुंधराबाई म्हणाल्या.

ज्या यंत्रांनी आपल्याला खुर्चीवरून उठवलं, त्यांच्याही पोटात वसुंधरा बसवावी लागते, हे ऐकून त्या बाईला इतका आनंद झाला की मूळ काम काय होतं याची मटिल्डाला कोपराने ढोसून आठवण करून द्यावी लागली.

"मग ती बाई आहे कुठे?" त्यांनी विचारलं.

"सीडीवर. डाँगलबरोबर आलेली. नेहमीच्या सीडीपेक्षा लहान आहे, बशीएवढी. ती घातलीस की झालं. दुसरी कुठली चालायची नाही."

पुढचा तासभर वसुंधराबाईंनी घर उलटंपालटं केलं. कपाट, शोकेस, गादीखाली, देवघराच्या खणात. आत्माराम या सगळ्या वेळात वर्तमानपत्र वाचत होते. एकच पान. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला एवढा पुरावा पुरे.

"अहो, कुठे टाकलीत?"

"टाकली नाही," आत्माराम पानाआडून म्हणाले. "दिवाळीच्या साफसफाईत जुन्या सीड्यांचा ढीग निघाला होता. सिप्रियनला पाहिजे होत्या. पेरूवर पोपट बसतात म्हणाला. सीडी टांगली की चमकते आणि पोपट पळतात. मी म्हटलं, ने बाबा, तेवढंच पुण्य."

सिप्रियन म्हणजे मटिल्डाचा नवरा. मटिल्डाने कपाळाला हात लावला. सासूचं गाणं अडलं होतं ते जावयाच्या पेरूवर.

रिक्षा करून तिघं नंदाखालला पोचले. सिप्रियनची वाडी लखलखत होती. पेरूच्या फांदीफांदीला सुतळीने सीड्या बांधलेल्या, वाऱ्यावर गिरक्या घेणाऱ्या. वसुंधराबाई आणि मटिल्डा एकेका झाडाखाली मान वर करून हिंडल्या. लग्नाचे व्हिडिओ निघाले, इंग्रजी बोलायला शिकवणारी सीडी निघाली, प्रिंटरची निघाली. पोपट एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर बसून हा शोध बघत होते. सीड्यांना ते अजिबात भीत नव्हते. एक तर सीडीतच चोच पाहत होता. लहान सीडी मात्र कुठेच नव्हती.

सिप्रियन मांडवाचे बांबू उतरवून घेत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "लहान होती एक. कुठेतरी लावलीय. चांगल्या कामाला लावलीय एवढं आठवतं." एवढं सांगून तो पुन्हा बांबूंकडे वळला. मटिल्डा त्याला जे बोलली ते सामवेदीत होतं आणि वसुंधराबाईंना त्यातलं सगळं कळलं.

दुपार कलली. चहा प्यायला सगळे घरात आले. मटिल्डा कप हातात धरून नुसती बसली होती. "जाऊ दे वसू," ती म्हणाली. "तू केलंस तेवढं पुष्कळ. आईच्या नशिबात नातीचा मांडव नव्हता." आयुष्यात वसुंधराबाईंनी कितीतरी लोकांना 'लाइन लागत नाही' असं सांगितलं होतं, पण मटिल्डाच्या आईला कधीच नाही.

त्या खाली मान घालणार तेवढ्यात त्यांना भिंतीवर रंगीत उजेडाचा पट्टा दिसला. तांबडा, पिवळा, हिरवा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि कोपऱ्यातल्या नाताळच्या गोठ्यावर पडलं होतं. तीन राजांचा सण होऊन गेला तरी सिप्रियनने गोठा मोडला नव्हता, कारण लग्नाच्या पाहुण्यांना दाखवायचा होता. गवताचं छप्पर, मातीची गाय, मेंढपाळ, बाळ येशू, आणि पुढे वाळूत बसवलेलं एक चमचमतं गोल तळं. तळ्यात एक मातीचं बदक.

"सिप्रियनभाऊ," वसुंधराबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं तळं बघू."

"तळ्याला हात लावायचा नाही," सिप्रियन म्हणाला. "या तळ्यावर चर्चच्या धर्मग्रामात दुसरं बक्षीस मिळालंय. पाणी खरं वाटतं म्हणाले."

"त्या पाण्यात तुझी सासू आहे," मटिल्डा म्हणाली.

तळं वाळूतून निघालं. बशीएवढंच. फक्त बदक डिंकाने पक्कं चिकटवलेलं होतं, आणि नेमकं चकाकत्या बाजूला. सिप्रियन ओढायला गेला तेव्हा दोन्ही बायकांनी त्याचा हात धरला. सुरी नको, नख नको. मटिल्डाने खोबरेल तेल आणलं. बदकाच्या बुडाशी थेंब थेंब सोडत सगळे बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने बदक आपणहून सुटलं. सिप्रियनने ते खिशात ठेवलं. तेल पुसायला मटिल्डाने लग्नासाठी आणलेल्या नव्या रुमालांतला एक काढला.

सगळी वरात वसुंधराबाईंच्या घरी आली. सीडी आत गेली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. डिंकाचा डाग कडेला होता, तिथे तो जरा अडखळला असावा. आत्माराम प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांसाठी पुन्हा चहा करत होते आणि स्वयंपाकघरातून विचारत होते, झालं का. मग पडद्यावर ओळ आली: वस्तू ओळखली, वापरायला तयार आहे.

"बसली बाई खुर्चीवर," वसुंधराबाई म्हणाल्या.

आता त्या बाईने हवेत हाक दिली, जवळपास कोण आहे म्हणून. पडद्यावर एक नाव उमटलं: युजीन. भावाने मोबाइलला आपलंच नाव दिलं होतं. मटिल्डाने ओठ दाबून धरले. मग कॉम्प्युटरने एक नंबर मागितला आणि त्याच क्षणी मोबाइलनेही मागितला.

"दोन्हीकडे एकच नंबर घालायचा," वसुंधराबाई म्हणाल्या. "म्हणजे ओळख पटते."

"कुठला?"

"तुला ठाऊक आहे."

वसुंधराबाईंनी कीबोर्डवर बावीस दाबलं. मटिल्डाने मोबाइलवर बावीस दाबलं. नंदाखालच्या किराणा दुकानाचा नंबर. दोन्ही यंत्रांचं पटलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली, इतकी सावकाश की सिप्रियन खिशातलं बदक काढून हातात फिरवत बसला. पट्टी भरली. वसुंधराबाईंनी स्पीकरचा आवाज वाढवला.

आधी नुसती खरखर. मग केळीच्या पानांची सळसळ, लांब कुठेतरी कोंबडा. युजीनचा आवाज, "बोल आई, यात बोल." आणि मग कुणी घसा साफ केल्याचा आवाज, आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत सालोमीबाय:

"हॅलो, वसुंधराबाई, लाइन लागली का?"

मटिल्डाने तोंडावर हात ठेवला. आत्माराम किटली घेऊन दारातच थांबले. स्पीकरमधून पुढे काहीच येईना. गाणं सुरू होईना. रिसीव्हर कानाशी धरून उत्तराची वाट बघावी तशा सालोमीबाय त्या तिकडे, मे महिन्याच्या वाडीत, थांबून राहिल्या होत्या.

वसुंधराबाई स्पीकरकडे वाकल्या.

"लागली, सालोमीबाय," त्या म्हणाल्या. "बोला."

आणि गाणं सुरू झालं.