ताकदीच्या गोळ्या

नवऱ्याला माहीत नाही, भावाला नाही, लेकीला तर मुळीच नाही. तुम्हीच पहिले. आणि ऐकून मला बिचारी म्हणणार असाल, तर इथंच थांबा—मला ते नको आहे.

माझ्या आईला छातीचा कॅन्सर होता. कळलं तेव्हाच हाडांत उतरलेला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं, कारण बारावी शिकलेली मी. म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, पण हार्मोनची गोळी आहे—रोज एक, जगतील तोवर. आजार जाणार नाही, दबून राहील. चुकवायची मात्र नाही. हे त्यांना नीट समजावून सांगा, असंही म्हणाले.

मी बाहेर आले आणि आईला म्हणाले, "हाडं झिजलीत तुझी. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

तिला सोसणार नाही म्हणून? सगळे हेच म्हणतात—बिचारीला कशाला सांगायचं! हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुणाला सोसणार नव्हतं? माझं लग्न ठरलं होतं. सासर वालचंदनगरचं, कॉलनीत क्वार्टर, पगारदार नवरा. हा रोग आईकडून लेकीत येतो म्हणतात. ती माणसं लग्न मोडतील, ही भीती मला दवाखान्याच्या दारातच शिवली होती. आई नंतर आठवली.

बारामतीहून गोळ्या आणायच्या, पाकिटातून काढून काचेच्या बाटलीत भरायच्या—आमच्या गावी, डाळजला, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यानं नाव वाचू नये म्हणून. गोळ्या लागू पडल्या. आईनं काठी टाकली. माझ्या हळदीला जात्यावरसुद्धा बसली. मला वाटलं, मी किती हुशार.

पुढं बाळंतपणाला माहेरी आले. बाळंतिणीच्या पोटात घरातलं सगळं चांगलंचुंगलं जायला हवं, ही आपली रीत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर—आई समोर बसून खायला लावायची. दूध मात्र आटत चाललं. पोरगी रडून रडून निळी व्हायची आणि मी सगळा राग आईवर काढायची. शेवटी तीच बुचकळ्यात पडून म्हणाली, "कसं दूध येत न्हाय बाई? माज्या ताकदीच्या गोळ्या मी रोज तुज्या खिरीत कुटून घालतीया. बाळंतीण तू हाईस. मला म्हातारीला कशाला पायजे ताकद?"

मी किंचाळले. त्या हार्मोनच्या गोळीनंच माझं दूध आटवलं होतं. तिला अडाणी म्हणाले. माझ्या लेकीच्या तोंडचं दूध तू घालवलंस, म्हणाले. आणि तेव्हा तरी—अजून वेळ होती तेव्हा—खरं सांगितलं का? नाही. बारशाला सासूबाई येणार होत्या. "त्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आहेत, तूच घेत जा," एवढंच बोलले.

तिनं गोळ्या परत सुरू केल्या. पण तिची पाठ दुखून धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, ही गोळी कधी ना कधी लागू पडेनाशी होतेच. मध्ये खंड पडला म्हणूनच हे झालं, असं सांगता येत नाही. त्या एका वाक्याला मी वर्षानुवर्षं लोंबकळले. किती वर्षं निघाली असती त्या गोळीवर? मला माहीत नाही. तिचा जीव तिला राखू दिला नाही, एवढं माहीत आहे.

शेवटी ती अंथरुणाला खिळली. कूस बदलायची म्हटलं तरी विव्हळायची. एका दुपारी तशातच माझा हात धरला आणि म्हणाली, "माज्या अडाणीपणानं पोरीचं दूध तुटलं. माफ कर गं मला."

मी म्हणाले, "जाऊ दे आई. केलं माफ."