पेटीच्या लाकडाचं व्हायोलिन

माझ्या कॉफीच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर इरीदे स्कोलारी व्हायोलिनं बनवायची. आमच्या क्रेमोनात दगड भिरकावला तर तो व्हायोलिन बनवणाऱ्यालाच लागेल, तेव्हा यात विशेष काहीच नाही. पण इरीदे पेट्या ठोकणाऱ्याची मुलगी. तिच्या बापाची पो नदीकाठी वखार होती, तिथे पॉपलरच्या फळ्यांच्या टरबुजाच्या पेट्या बनत. बावीस वर्षं इरीदेने दुसऱ्याच्या कारखान्यात व्हायोलिनच्या माना कोरल्या. आत चिठ्ठी चिकटायची ती मालकाच्या नावाची. १९७८ साली तिने नोकरी सोडली आणि स्वतःच्या नावाचं पहिलं व्हायोलिन केलं. पुढचा भाग रीतसर स्प्रूसचा. आणि पाठ? पॉपलरची!

पाठीला मेपल लागतो, पट्टेदार, चमकणारा. गिऱ्हाईक आधी पाठ बघतं. हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त टिंगल मीच केली. "इरीदे, आत टरबुजं किती मावतात गं?"

"तुझं डोकं मावेल, ओरेस्ते. नाहीतरी रिकामंच आहे."

फळी बापाच्या वखारीतली, तीस वर्षं वाळलेली. बोटाने टकटक केली की बराच वेळ घुमते, एवढंच तिचं म्हणणं. किंमत मात्र तिने मेपलवाल्यांचीच लावली, वीस लाख लिरे. एक लिराही कमी नाही. साठवलेलं सगळं संपलं होतं. "या शनिवारी खपलं नाही तर सोमवारी परत माना कोरायला जाते," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण कॉफी तशीच टाकून गेली. त्या दिवशी मला माझ्या जिभेची लाज वाटली.

शनिवारी, समोरच्या चौकातल्या बाजाराच्या दिवशी, मिलानचे व्यापारी व्हेर्गानी माझ्या दुकानात आले. बरोबर नेहमीप्रमाणे वाजवून बघायला देलिया, तिकडच्या ऑर्केस्ट्रातली. व्हेर्गानींनी व्हायोलिन उलटं केलं आणि चष्मा काढला.

"बाई, किंमत कशावर ठरते ते ऐका. नाव, लाकूड, वॉर्निश, वय. तुमचं नाव नवं, वॉर्निश ओलं, वय तीन महिने. राहिलं लाकूड, तर ते हे असं!"

"आणि आवाज?" इरीदेने विचारलं.

देलियाने चार सूर वाजवून पाहिले. "कानाशी मंद वाटतंय," ती संकोचून म्हणाली.

"सहा लाख," व्हेर्गानी म्हणाले. "तेही तुमचे कष्ट बघून."

मला वाटलं, आता ही रडणार. रडते कसली! "दोत्तोरेसाहेब, कानाशी काय ऐकता? तिकीट काढून लोक वाजवणाऱ्याच्या खांद्यावर बसतात का? आमचे म्हातारे कारागीर चौकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ फिरवून ऐकायचे. चला, तुमचं ते सकाळी घेतलेलं मेपलचंही आणा."

व्हेर्गानी चिडले, पण सगळं दुकान बघत होतं. देलिया माझ्या दारात उभी राहिली. व्हेर्गानी, इरीदे आणि मी बाजार तुडवत पार पलीकडे, एल्विराच्या चीजच्या गाड्यापाशी गेलो आणि पाठ फिरवून उभे राहिलो. कोंबड्या, मासेवाला, मोटारसायकली, सगळं चालूच होतं. पहिलं व्हायोलिन सुरू झालं. अधूनमधून एखादा सूर पोचायचा, बाकी सगळं मासेवाल्याने गिळलं.

मग दुसरं. ते सगळ्या गोंगाटातून सरळ आमच्या मानेवर आलं. एल्विराची सुरी प्रोव्होलोनेत अर्ध्यावर थांबली. "कोण गं वाजवतंय एवढं जवळ?" असं म्हणत ती गाड्यामागे शोधू लागली. मासेवालासुद्धा गप्प झाला, आणि तो गप्प झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

व्हेर्गानी वळले. त्यांना दिसली ती दोनशे पावलांवरची देलिया, आणि तिच्या खांद्यावर ते फिकट, बिनपट्ट्यांचं व्हायोलिन. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. मी मात्र ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. त्या दिवशी मी अख्ख्या बाजाराला फुकट कॉफी पाजली, याबद्दल बायको अजून बोलते.

वीस लाख ठरले. पावती लिहिताना व्हेर्गानींनी आवाज खाली आणला. "बाई, पाठीपुढे नुसतं 'स्थानिक लाकूड' लिहू का? गिऱ्हाईक बिचकतं हो."

"पॉपलर लिहा," इरीदे म्हणाली. "आणि जरा मोठ्या अक्षरात."

त्यांनी लिहिलं. मग टोपण लावता लावता विचारलं, "पुढचंही पॉपलरचंच करणार ना? मला हवंय. याच किमतीला."

"करणार तर," इरीदे पावती घडी करत म्हणाली. "पण किंमत पुढच्या वेळी सांगीन. आता माझं वयही वाढलंय आणि नावही."