नावावरची रेघ

दौंडच्या साखरबाई गायकवाडांच्या टाइपिंगचा नियम एकच: कागदावर जसं असेल तसं. साहेबानं चूक लिहिली तर चूकच उमटायची. शिकायला येणाऱ्या पोरींनाही त्या बजावायच्या, बोटं आपली, डोकं साहेबाचं.

एकोणऐंशी साली भांडगावचा संपत त्यांच्याकडे जाडजूड बाड घेऊन आला. तो पुण्यात इंजिनीअर होता. ऊस तोलायच्या काट्यासाठी त्याच्या कंपनीनं एका चिपवर चालणारं यंत्र बनवलं होतं, त्याचं हे इंग्रजी माहितीपुस्तक. काही तारांच्या नावांवर आडवी रेघ होती. आधीच्या टायपिस्टनं तशी कळच नाही म्हणून रेघा गाळल्या, आणि जोडणाऱ्यानं तारा उलट्या जोडल्या. आता पुन्हा चुकलं तर संपतची नोकरी जाणार होती.

रेघ कशाला, असं बाईंनी विचारलं. संपतनं अर्धा तास डोकं खाल्लं. मुद्दा एवढाच, की वीज असताना ती तार गप्प, वीज गेली की कामाला लागते. बाई हसल्या. त्यांचे वडील, आण्णा, रेल्वेत सिग्नल फिटर होते.

"म्हंजी आण्णांच्या सिग्नलावानी," त्या म्हणाल्या. "खांबावरचा हात खाली पडला, तवा गाडीला वाट."

मग प्रत्येक नावाला कागद थोडा मागं फिरवून, शब्दाखाली रेघ मारायच्या कळीनंच त्यांनी नावावर रेघा मारल्या. एक्केचाळिसाव्या पानावर बोटं थांबली. यंत्र नव्यानं सुरू करणाऱ्या 'रीसेट' तारेच्या नावावर आधी सगळीकडे रेघ होती, इथं नव्हती. घालावी तर नियम मोडतो, न घालावी तर राहवेना. संपत शिरूरला बहिणीकडे गेलेला, सोमवारी पुस्तक छापायला जाणार. बाईंनी पान पिशवीत घातलं आणि शिरूरची एसटी धरली.

संपत जेवत होता. "विचारायचं माझं काम न्हाई," बाई म्हणाल्या, "पर हितं हात पडल्याला दिसत न्हाई."

त्यानं पान पाहिलं आणि घास ताटातच राहिला. हे छापलं असतं तर एकही काटा चालू झाला नसता, म्हणाला. उजवा हात उष्टा, म्हणून डाव्यानंच त्यानं वाकडीतिकडी रेघ ओढली. हात धुऊन आल्यावर शेवटच्या पानासाठी एक ओळ लिहून दिली: टाइप केलं आणि तपासलं, साखरबाई गायकवाड.

वीस वर्षांत त्यांचं नाव कुठल्याच कागदावर आलं नव्हतं. एसटीत त्यांनी ती ओळ कितीदा तरी वाचली. 'तपासलं' हे जरा जास्तच झालं, असं त्यांना वाटत होतं, आणि आनंद तर पोटात मावत नव्हता. घरी येऊन त्या मशीनवर बसल्या आणि ओळ टाइप केली, जशी होती तशी.