पूजेला बसलेली चार मशीनं

नाकावर राग ही आमच्या घराण्याची मिळकत. वडिलांकडून मला ती पुरेपूर मिळाली आणि तिच्याबरोबर त्यांचं सुधारकपणही. आमच्या ठाण्याच्या घरात देव्हारा नव्हता, पंचांगही नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी नाहीत याचा आम्हाला एखाद्या भक्ताला देवाचा असावा तेवढा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोटाळा झाला तो निव्वळ या अभिमानापायी झाला.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची होते. शिवणकामाची परीक्षा दिली होती आणि घरात लग्नाचा विषय निघाला की उठून जात होते. आमच्या महिला मंडळाला त्या वर्षी एका परदेशी संस्थेने शिवणाची चार पायमशीनं पाठवली. गरीब घरांतल्या मुलींच्या हाताला काम शिकवावं म्हणून ती संस्था देशोदेशी अशी मदत धाडत असे. भल्यामोठ्या खोक्यांत, लाकडाच्या भुशात बसून मशीनं आली. पण मंडळातल्या बहुतेक बायकांच्या घरी मशीन होतंच. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुला नाहीतरी घरी बसवत नाही. कोपरीत वर्ग काढ."

म्हणून मी रोज दुपारी रूळ ओलांडून पूर्वेला कोपरीत जाऊ लागले. शाळेची एक खोली दुपारी रिकामी असे, ती आम्हाला मिळाली. बारा मुली आल्या. कोणाच्या घरी भातशेती, कोणाचा बाप खाडीकाठच्या मिठागरात. पहिला महिनाभर मशीनचं चाक उलटं फिरायचं, उलटं फिरलं की दोरा तुटायचा आणि दोरा तुटला की माझा आवाज चढायचा. पाव इंच माप चुकलं तरी मी अख्खी शिवण उसवायला लावत असे. मुली आपसांत मला काय म्हणत ते मला कळलं नाही, आणि नाही कळलं तेच बरं झालं.

त्यांतली एक मिठागरवाल्याची थोरली मुलगी. पंधरा वर्षांची असेल. सगळ्यांनी तिला थोरलीच म्हणायचं, म्हणून मीही म्हणे. दोन हंगाम ती बापाबरोबर मिठागरावर गेली होती. तिच्या बोटांना अशा भेगा होत्या की मलमलीचा तुकडा हातात दिला तर कापडाचे धागे त्यांत अडकत. पण तिचा डोळा पक्का. एकदा दाखवलेलं तिला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. संस्थेचा नियम असा होता की वर्ग पुरा करणाऱ्यांतल्या पहिल्या चौघींना एकेक मशीन घरी न्यायला मिळेल. थोरलीने त्या चारांतलं एक मशीन मनात धरून ठेवलं होतं. रोज जाताना ती त्याला आपल्या पदराने पुसून जाई.

अडचण एकच होती. वर्ग संपणार होता शिमग्याला, आणि मिठागर सुरू होतं दिवाळीनंतर. तिचा बाप म्हणाला होता, "दिवालीपरत शिकू दे. मंग ती माझेसंगती येल."

मी त्यांच्या घरी गेले. दाराशी मीठ ओढायच्या दोन फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक मोठी, लांब दांड्याची, बापाची. शेजारी दुसरी बारकी. ती त्याने थोरलीच्या उंचीच्या मापाने स्वतः करून दिली होती. मी त्याला अर्धा तास समजावलं. मशीन घरी आलं तर पोरगी चार घरची शिवणं करील, मिठाच्या टोपल्या वाहून तिची मान मोडायची नाही, असं बरंच काही. तो खाली बघून विडी फिरवत बसला आणि शेवटी म्हणाला, "चा घेशील का, बाय?" पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी परत आले.

भाद्रपदात संस्थेचं पत्र आलं. त्यांची एक बाई मुंबईला येणार होती, आमचा वर्ग तिला पाहायचा होता. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की तिला समारंभ नको, चालू काम पाहायचं आहे. दुसऱ्या एका गावी त्यांनी दिलेली मशीनं कोणाच्या तरी दिवाणखान्यात भरतकामाच्या आच्छादनाखाली सापडली होती. आमच्याकडेही मशीनं नुसती उभी दिसली तर ती उचलून दुसरीकडे देणार होते. तिने तीन तारखा कळवल्या होत्या. अध्यक्षबाईंनी निवड माझ्यावर सोपवली. आमच्या घरी पंचांगाच्या जागी एका कापडगिरणीचं इंग्रजी कॅलेंडर असे, ते मी पाहिलं. दसऱ्याची सुट्टी लाल रंगात होती, ती टाळली आणि सुट्टीच्या आदल्या दिवसाची तारीख पक्की केली. त्या आठवड्यात शाळाही बंद, खोली दिवसभर आपली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्या सकाळी मी लवकर पोचले. दाराशी चपला काढून ठेवलेल्या होत्या, खोली सारवलेली होती आणि आतून मशीनचा आवाज येत नव्हता.

चारही मशीनं एका ओळीत उभी होती. धुतल्यापुसल्यासारखी लख्ख, तेलपाणी केलेली. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूची माळ. चाकांवरचे चामडी पट्टे काढून गुंडाळून ठेवले होते. समोर पाटावर कात्र्या, टेप, सुयांची डबी आणि माझी लाकडी पट्टी, सगळ्यांना कुंकवाची बोटं लावलेली. बारा मुली नवी लुगडी-परकर नेसून भिंतीशी बसल्या होत्या आणि माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होत्या.

"हे काय मांडलंय?" मी म्हटलं.

"खंडेनवमी हाय ना, बाय," थोरली म्हणाली. "आज हत्यारांची पूजा."

आमच्या घरात हत्यार म्हणजे आजोबांचा अडकित्ता आणि वडिलांचा लिहायचा टाक. त्यांची पूजा कोणी केली नव्हती. नवमीला हत्यारं पुजतात, त्या दिवशी ती हातात धरत नाहीत, दसऱ्याला पुन्हा उचलतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि पंचांगाबरोबरच डोक्यातून हद्दपार केलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुणी तासाभरात येणार, मशीनं बंद दिसली तर ती नेणार. पट्टे चढवा, माळा काढा, बसा कामाला. कोणी हललं नाही. माझा आवाज चढला. मग थोरली उठली.

"बाय, आज नाय चालवाची."

"अगं, मशीन जाईल. तुझं मशीन जाईल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. "गेला तर जाऊ दे. पन आज मी हात नाय लावाची. नायतर मशीन आमचे हातान टिकनार नाय."

मला इतका संताप आला की मी स्वतःच खाली बसले, एक माळ बाजूला सारली आणि पट्टा चाकावर चढवू लागले.  घाईत पट्टा बसेना. थोरली माझ्याजवळ बसली, तिने पट्टा माझ्या हातातून काढून घेतला, पुन्हा गुंडाळला आणि जागच्या जागी ठेवला. एखाद्या लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. 

इतक्यात दाराशी मोटार थांबली.

पाहुणी उंच होती, केस पांढरे, पायात पुरुषी बूट. तिच्यामागे अध्यक्षबाई. त्यांनी खोलीत नजर टाकली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. पण बाई प्रसंगावधानी. इंग्रजीत म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या स्वागतासाठी."

पाहुणीचा चेहरा कठोर झाला. ती शांतपणे म्हणाली, "मला स्वागत नको होतं. मला काम पाहायचं होतं." आणि तिने बगलेतली वही उघडली, खिशातलं जाड काळं पेन काढलं. मला वाटलं, संपलं. अध्यक्षबाईंची थाप खोडून काढावी तर मंडळाची अब्रू जाते, न काढावी तर मशीनं जातात. 

तेवढ्यात दारातून थोरलीचा बाप आत आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. खांद्यावर ती मीठ ओढायची मोठी फळी होती, घासून पांढरी केलेली. गोऱ्या बाईकडे त्याने एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "बाय, ही कुठं ठेवू?"

"ही इथे कशाला?"

त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "घरानची सगली हत्यारा येके जागी पूजतान. पोरीचा हत्यार हितं हाय. मंग माझा दुसरीकरं कसा ठेवू?"

थोरलीने सरकून जागा केली. त्याने फळी तिच्या आवडत्या मशीनला लागून उभी केली, दांड्याला कुंकू लावलं, हात जोडले. मोठीच फळी आणली होती. बारकी का आणली नाही हे विचारायचं मला सुचलं नाही.

"तो काय म्हणाला?" पाहुणीने विचारलं.

मी सांगितलं. त्याचं वाक्य सांगितलं, नवमी सांगितली, आणि तारीख मी निवडली, ती कशी निवडली, तेही सांगितलं. स्वागताबद्दल काही बोलले नाही. अध्यक्षबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. सांगता सांगता मला रडू आलं. लाजेने आलं, दुसरं काही कारण नव्हतं. या मुलींना पायावर उभं करायला म्हणून मी रोज रूळ ओलांडून येत होते, आणि माझ्या पायाखाली काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पाहुणीने एकदा त्या फळीकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. मग खाली बसून तिने बुटांचे बंद सोडले. बूट दाराशी ठेवून परत आली आणि हातातलं पेन थोरलीपुढे धरलं. "मी याने पोट भरते. हे चालेल का?"

थोरलीने पेन घेतलं, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि कात्र्यांच्या शेजारी ठेवलं. सगळ्या मुली हसल्या. पाहुणी चहा प्यायली, शिवलेले परकर-पोलकी उलटसुलट करून पाहिली, शिवणी नखाने ओढून पाहिल्या. थोरलीच्या एका पोलक्यापाशी थांबली आणि काहीतरी टिपून घ्यावं म्हणून पेनाकडे हात नेला.

"आज नाय," थोरली म्हणाली. "उद्या."

मी कसंबसं भाषांतर केलं. अध्यक्षबाईंनी लगबगीने आपलं पेन पुढे केलं. पाहुणीने नको म्हणून मान हलवली, वही मिटली आणि मोठ्याने हसली. "मग मला उद्या यावं लागेल."

आणि ती आली. दसऱ्याला नवं काम धरायचं असतं, त्यामुळे मुली माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या. चारही मशीनं चालू होती. थोरलीने तिच्या देखत पेनासाठी नाडीची पिशवी शिवून दिली. पाहुणीने तिथेच बसून पेनाचं टोपण काढलं आणि दोन पानं लिहिली. काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण मशीनं राहिली, आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी दोन आली. थोरलीचा बाप त्याच सकाळी फळी खांद्यावर टाकून घेऊन गेला. पोरीबद्दल काही बोलला नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही. आता समजावायची माझी हिंमत उरली नव्हती.

दिवाळी झाली. सुट्टीनंतर वर्ग सुरू होईपर्यंत मी दिवस मोजत होते. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. थोरलीचं मशीन रिकामं होतं. माझा कशातच जीव लागेना. एकीला उगाच रागावले. खिडकीतून खाडीकडची वाट दिसायची, तिकडे किती वेळा पाहिलं असेन.

तास अर्धा होऊन गेल्यावर ती धापा टाकत आली. हातात एक काठी होती, तासून गुळगुळीत केलेली, गजभर लांब. तिच्यावर तापल्या खिळ्याने डाग देऊन इंचाइंचाच्या खुणा केल्या होत्या.

"ही कुठली?"

"बापाने केली. रातभर खुना करत बसलेला, म्हनून उशीर झाला." मग ती थोडी लाजली. "माझे बारके फलीचा दांडा हाय यो."

"आणि फळी?"

"चुलीन घातली. काल तिचेवरच भात केला."

"आणि बाबा?"

"गेला मिठागरावं. एकलाच."

मी टेप घेतली आणि सवयीने ती काठी मोजून पाहिली. सातव्या आणि आठव्या खुणेमध्ये अंतर पाव इंच जास्त पडलं होतं. थोरली माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी टेप गुंडाळून ठेवली, काठी तिच्या हातात परत दिली आणि तिला म्हटलं, बस कामाला.