चकाकी जरा जास्तच झाली

आमच्या मजल्यावरचे दातवाले कुणाचे दात उपटत नाहीत की बसवत नाहीत. डॉक्टर साचे पाठवतात, हे त्यावरून कवळ्या घडवतात आणि पॉलिशच्या चाकावर धरून अशा लखलखीत करतात की घालणाऱ्याला उगीचच हसत सुटावंसं वाटावं. मळकं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात. चमचे, दाराच्या कड्या, बायकोचा चष्मा, कशाचीही सुटका नाही.

त्या सवयीनेच घात केला.

यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा, अँप्लिफायर यांच्याकडे ठेवायला होता. वडिलांनी घेतलेला, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, दोघांनी मिळून उचलावा असा. दादांच्या नव्या घरात त्याला जागा नव्हती. जुनी यंत्रं जमवणारा एक शौकीन तो घ्यायला राजी झाला, तेव्हा दादांनी फोनवर बजावलं, "बाळ्या, शनिवारी न्यायला येतो. त्यांना अस्सल हवाय, जसाच्या तसा. नीट ठेव."

दातवाल्यांनी नेमकं "नीट" तेवढं ऐकलं. समोरची रुपेरी पट्टी सोडवली आणि चाकावर धरली. पट्टीचा आरसा झाला. त्या आरशात त्यांना स्वतःचा पांढराफटक चेहरा अगदी स्वच्छ दिसला, कारण मध्ये यायला अक्षरं उरलीच नव्हती. व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल, वडिलांच्या अंगठ्याने अर्धं झिजवलेलं कंपनीचं नाव, सगळं भुकटीत गेलं. आणि शौकीन मोजतात ते नेमकं हेच. आवाज काय, दुरुस्त होतो.

साठीला टेकलेल्या माणसाच्या पाचावर धारण बसली. दादा चिडले की आवाज चढवत नाहीत, नुसतं बघतात. त्या बघण्याने शाळेत असताना यांची चड्डी ओली व्हायची असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, यांच्या बायकोनेच सांगितलं.

"अहो, सरळ सांगून टाका."

"तू सांगतेस का?"

"मी कशाला? चाक माझं आहे?"

शेवटी दातांवर छटा देण्याच्या बारीक कुंचल्याने त्यांनी अक्षरं पुन्हा काढली. अक्षरं सुबक आली. फक्त बेसची कळ डावी की उजवी, हे आठवेना. विचारायचं तर दादांनाच. त्यांनी अंदाजाने लिहून टाकलं.

शनिवारी जिन्यावर दादांचं खाकरणं ऐकू आलं. दादांनी पट्टीकडे पाहिलं. गाणं लावलं, बेस लिहिलेली कळ फिरवली. गाणारीचा आवाज भरदार व्हायच्या ऐवजी टाचणीसारखा टोकदार झाला.

"बाळ्या, हे काय?"

आयुष्यभर लोकांच्या दातांची काळजी वाहिलेल्या माणसाची दातखीळ बसली.

"भावजी, ते माझ्याकडून पुसताना..." बायको पुढे झाली.

आता मात्र भीतीपेक्षा लाज मोठी झाली. "नाही दादा. मीच. चाकावर धरली."

दादांनी दातओठ खाल्ले. दात यांनीच करून दिलेले, म्हणून निदान ते टिकले. मग दादांनी त्या शौकिनाला फोन लावून पुढे केला. "त्यांना तू सांग."

घंटा वाजत राहिली. पलीकडून "हॅलो" आलं आणि घाबरलेल्या जिभेने डॉक्टरांना रोज सांगायचं वाक्य उचललं, "नमस्कार, तुमची कवळी तयार आहे." तिकडून "काय?" आलं, तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं.

"नको म्हणाले," फोन ठेवत दातवाले पुटपुटले. "अक्षरं गेली म्हणजे यंत्र गेलं म्हणाले."

दादा खुर्चीत बसून उरलेलं गाणं ऐकत राहिले. गाणं संपलं तसे उठले. "मग राहू दे इथेच. माझ्याकडे जागा नाही. दर रविवारी ऐकायला येत जाईन."

दातवाल्यांनी मान डोलावली. दादा जिना उतरून गेले तरी ते दाराशीच उभे.

"सुटलात की," बायको म्हणाली.

"सुटलो कसला," ते म्हणाले, "दर रविवारी म्हणाला तो."